अकरावं प्रकरण बाहेर आहे

मित्रांनो, मला हातात घेतलंत तर तुम्ही आधी विचाराल, बाकीचं पुस्तक कुठाय? सगळेच विचारतात. मी आख्खं पुस्तक नाही. एका जुन्या रहस्यकादंबरीचं अकरावं प्रकरण आहे. पान एकशे एकसष्ट ते एकशे शहात्तर, एवढाच माझा पसारा. माझा एक कोपरा जळालेला आहे, मधल्या पानांवर उसाच्या रसाचा डाग आहे, आणि अंगावर हिरव्या लुगड्याच्या काठाचं कव्हर आहे. ते कव्हर ज्या बाईनं शिवलं, तिच्याच घरात माझं बहुतेक आयुष्य गेलं. म्हणून माझी हकीकत सांगायची तर तिचीच सांगावी लागते.

माझा जन्म साठेक वर्षांपूर्वी पुण्याच्या एका छापखान्यात झाला. शिशाच्या अक्षराचा एकेक खिळा जुळवून मला छापलं, दुमडलं आणि बाकीच्या एकवीस भावंडांबरोबर शिवून टाकलं. भावंडांत मी मधला. मधल्याचे हाल तुम्हाला ठाऊकच असतील. पहिल्या प्रकरणाला मान असतो, शेवटच्यासाठी सगळ्यांची धाव असते, आणि मधल्यांना लोक भरभर उलटून पुढं जातात. पण मला कुणी उलटून गेलं नाही, एवढं अभिमानानं सांगतो.

गोष्टच तशी होती. डोंगराच्या कडेवर काळ्या दगडाची एक हवेली. तिथं वसुमती नावाची नवी सून येते. हवेलीच्या टोकाला एक खोली आहे. तिथं कुणीच राहत नाही असं घरातले सगळे सांगतात, पण रोज दिवेलागणीला त्या खिडकीत उजेड दिसतो. दहा प्रकरणं वसुमती नुसती भीत भीत बघत राहते. अकराव्यात, म्हणजे माझ्यात, ती कंदील घेऊन निघते. कंदील विझतो. अंधारात दमून ती एका दाराला पाठ टेकते, मग चाचपडत पुढं जाते, जिना चुकते, कुणाच्या तरी सावलीला भिऊन पळते आणि फिरून त्याच दाराशी येते. आता दाराखालून उजेड येत असतो. आत कुणीतरी दळताना गुणगुणावं तसं गुणगुणत असतं. वसुमती हळूच म्हणते, ‘मी आहे.’ गुणगुणणं थांबतं. माझं शेवटचं वाक्य असं आहे: ‘आणि आतून कडीचा आवाज आला.’

बस्स. पुढचं बाराव्याला माहीत. शेजारी शिवलेलं असलं तरी एकमेकांचं वाचता थोडंच येतं?

एसटीच्या टपावरच्या खोक्यातून आम्ही ताडकळसच्या वाचनालयात आलो. वाचनालय म्हणजे पत्र्याची एक खोली, तीन कपाटं, एक बाकडं. दिनकरराव ते सांभाळायचे. दिवसा शाळेत कारकुनी करायची आणि संध्याकाळी वाचनालय उघडायचं, असा त्यांचा नेम. पुढं कितीतरी वर्षांनी कुणीतरी आमची गोष्ट गावात पसरवली आणि एकदम रांगच लागली. पुस्तक एक आणि वाचणारे वीस. एकानं नेलं की महिना महिना परत येईना. शेवटी दिनकररावांनी काय केलं असेल? दाढीचं पातं घेतलं आणि आम्हाला कापलं. खरं सांगतो, त्या दिवशी मला त्यांचा भयंकर राग आला. बावीस प्रकरणांची बावीस पुस्तकं केली. गावातल्या जुन्या लग्नपत्रिकांचे पुठ्ठे लावले, पोती शिवायच्या दाभणानं शिवली. माझ्या पाठीवर पालमच्या कुणाच्या तरी लग्नाचा गणपती आला.

त्यांनी नियम केला. बाजाराच्या दिवशी वाचलेलं प्रकरण आणून द्यायचं आणि पुढचं न्यायचं. मागच्याला पुढचं सांगायचं नाही. मग काय विचारता! बाजाराची पिशवी एका हातात आणि प्रकरण दुसऱ्या हातात घेऊन लोक वाचनालयाच्या पायरीवर वाद घालायचे. सिताराम शिंपी म्हणायचा, खोलीत वेडी बाई कोंडलेली आहे. किराणावाला गोपीचंद म्हणायचा, छे, तिथं खोट्या नोटा छापतात. माझ्यावरनं तर भांडणंच व्हायची. तो आवाज कसला? पण बारावं हाती पडेपर्यंत एका गोष्टीवर सगळ्यांचं एकमत असायचं. आत जे कोण आहे, त्यानं वसुमतीचा आवाज ऐकून कडी लावून घेतली. इतकं बोललं गेल्यावर माझा कापलं गेल्याचा राग गेला.

त्या रांगेत दैवशाला होती. आश्रुबाची बायको, लग्न होऊन दीड वर्ष झालेली, नववीत शाळा सुटलेली. ती कधी आत यायची नाही. उंबऱ्याबाहेर उभी राहायची, पदराखालून प्रकरण काढून द्यायची आणि म्हणायची, “मामा, पुढचं द्या.” तिच्या आळीतली सगळी घरं दसऱ्यानंतर ऊस तोडायला जायची. त्या आळीतून वाचनालयात येणारी ही पहिलीच बाई. दिनकरराव तिला उठून प्रकरण द्यायचे. बाकीच्यांना बसल्या जागेवरून मिळायचं.

सव्वीस वर्षांपूर्वीच्या दसऱ्याआधीच्या बाजाराला तिनं मला नेलं. दुसऱ्या दिवशी सकाळीच मुकादमाचा ट्रक आळीत येऊन उभा राहिला. दोन दिवसांनी येणार होता, तो आधीच आला. भांडी, पीठ, पांघरुणं, शेळी, सगळं घाईघाईत ट्रकात चढलं. वाचनालय संध्याकाळशिवाय उघडत नव्हतं. दैवशालानं मला पत्र्याच्या पेटीत घातलं आणि मनाशी ठरवलं, आल्या आल्या पहिलं हे काम करायचं.

अशानं मी सांगलीकडच्या उसात गेलो. दुपारी भाकरी खाऊन बाया घटकाभर टेकल्या की दैवशाला मला वाचायची. सहा महिन्यांत चाळीस वेळा तरी वाचलं असेल. पहिली दहा प्रकरणं तिनं तोंडी सांगितली होती, त्यामुळं ऐकणाऱ्यांचं काही अडत नव्हतं. तानुबाई टोळीतली सगळ्यात वडील. तिला अक्षर ओळखता येत नव्हतं, पण प्रश्न असे विचारायची की मी गार व्हायचो. खोलीत राहत कुणी न्हाई म्हणता, मग दिव्यात तेल कोण घालतंय? उंबऱ्यावर धूळ न्हाई म्हणता, मग झाडतंय कोण? मोळ्या बांधता बांधता सुद्धा बायांच्या तोंडी वसुमतीच असायची. तानुबाईनं दैवशालाला बजावून ठेवलं होतं की गावी गेल्यावर बारावं आणायचं आणि आधी तिला वाचून दाखवायचं. दैवशाला हो म्हणाली होती.

फाल्गुनात एका दुपारी वाऱ्यानं चुलीतली ठिणगी उडाली आणि कोपी पेटली. पाचटाचं घर ते, पेटायला कितीसा वेळ? बाया फडातून धावत आल्या. आश्रुबा ओरडत होता, शेळी सोडा, शेळी सोडा. दैवशाला आत शिरली आणि पेटी ओढून बाहेर आली. झाकण तापलं होतं, फटीतनं ज्वाळ आत शिरली होती. माझा पुठ्ठा जळाला, गणपती गेला, एक कोपरा काळा झाला. तिच्या उजव्या मनगटावर भाजल्याचा व्रण कायमचा राहिला. पेटीत तिची दोन लुगडी होती, पण तिनं झाकण उघडून आधी मला चाचपलं, आणि जळालेला कोपरा पदरानं झटकला.

पाडव्याच्या सुमाराला टोळी गावी परतली. पहिल्याच बाजाराला दैवशालानं मला पदरात गुंडाळलं. काय झालं ते मामांना खरं खरं सांगायचं, रागावले तर ऐकून घ्यायचं, असं ती रस्ताभर घोकत होती. वाचनालयाच्या भिंतीपर्यंत आली आणि आतून गोपीचंदचा आवाज आला. तो अकराव्यासाठी अडून राहिला होता आणि दिनकररावांना म्हणत होता, “ऊसतोडीच्या बायांना पुस्तकं दिली की असंच व्हायचं. घातलं असंल चुलीत.”

मित्रांनो, मी तिच्या पदरात होतो, कोपरा जळालेला. तिनं माझ्याकडं पाहिलं. चुलीनंच जळालो होतो की नाही मी? ती तिथून मागं फिरली ती थेट घरी. दिनकरराव त्यावर काय बोलले, ते ऐकायला ती थांबली नाही आणि मलाही ऐकू आलं नाही. आम्ही दोघं तिथं अजून पाच श्वास थांबलो असतो तर माझी ही हकीकत फार लहान झाली असती.

त्या दिवसापासून दैवशालानं वाचनालयाची पायरी पाहिली नाही. बाजारात जायची ती मागच्या रस्त्यानं. कधी पुढच्याच रस्त्यानं जावं लागलं तर मान खाली घालून झपाझप जायची. आळीतल्या दोघीतिघींना वाचायची गोडी लागली होती, त्यांनाही तिनं अडवलं. आपल्यामुळं सगळ्या आळीचं नाव खराब झालं, असं तिनं मनाला लावून घेतलं होतं. तानुबाईनं बाराव्याचं दोनदा विचारलं, मग विचारायचं सोडून दिलं. वाचनालय आमच्या घरापासून तीन गल्ल्या पलीकडं होतं. शिरसाच्या झाडाखाली पत्रा चमकायचा, तो अंगणातून दिसायचा.

मी पेटीत राहिलो. वर्षामागून वर्षं गेली. दर दसऱ्याला पेटी उसात जायची, दर पाडव्याला परत यायची. दैवशालाला मुलगी झाली, प्रियंका. तिला अक्षरओळख माझ्यावरच झाली. घरात दुसरं छापलेलं काही नव्हतंच. क कंदिलाचा, ह हवेलीचा, अशी पोरगी शिकली. तिच्या शाळेसाठी दैवशालानं पुढं तोडीला जायचं सोडलं आणि गावातच निंदणी-खुरपणी धरली. दुखलंखुपलं, कुणाशी भांडण झालं, की ती मला काढून वाचायची. शेवटच्या वाक्याला आली की त्यावर बोट ठेवायची. कडी लावून घेतली बाईनं, असं स्वतःशी म्हणायची आणि मला मिटायची.

आता अलीकडचं सांगतो. प्रियंका पूर्णेच्या कॉलेजात जाते, बी.ए.चं शेवटचं वर्ष. रोज सकाळची एसटी. गेल्या हिवाळ्यात तिच्या आईच्या पोटात गाठ निघाली. परभणीला तपासण्या झाल्या, नांदेडला दोनदा नेलं, आणि डॉक्टरांनी आश्रुबाला बाजूला घेऊन सांगायचं ते सांगितलं. आश्रुबा घरी आला. त्यानं दैवशालाची खाट उन्हात, अंगणात आणून टाकली, एवढंच.

त्याच दिवसांत मराठीच्या धम्मानंद सरांनी वर्गाला काम दिलं. जुन्या रहस्यकादंबरीतलं कुठलंही एक प्रकरण घ्यायचं आणि त्याचं विश्लेषण लिहायचं. वातावरण कसं उभं केलं, खुणा कुठं पेरल्या, वाचक कुठं फसला. बाकीची मुलं मोबाईलवर कादंबऱ्या शोधत बसली. प्रियंकानं पेटी उघडली.

अंगणात खाटेशेजारी पोतं टाकून ती लिहायला बसायची. एकेक परिच्छेद मोठ्यानं वाचायची आणि खाली वहीत काहीतरी लिहायची. पहिल्या दिवशी तिनं लिहिलं, ‘या प्रकरणात लेखकाने भयाचे वातावरण परिणामकारकपणे निर्माण केले आहे.’ आईला वाचून दाखवलं. दैवशालाला हसू आलं. तिनं विचारलं, भय कुठनं आलं ते लिहिलंस का? मग पडल्या पडल्या तिनं दिव्यातल्या तेलाचं सांगितलं, उंबऱ्यावरच्या धुळीचं सांगितलं, आणि प्रत्येक वेळी हेही सांगितलं की हे तानुबाईचं हाय, माझं न्हाई. गुणगुणणाऱ्या बाईला मारून-मुटकून ठेवलेलं नसणार, कारण दुखण्यात माणूस दळणाच्या चालीवर गुणगुणत नाही, हे मात्र तिचं स्वतःचं होतं. प्रियंका लिहितच राहिली. वहीची बारा पानं भरली. सरांनी वाचून विचारलं, हे असं वाचायला कुणी शिकवलं? आणि म्हणाले की पुढचं प्रकरण मिळव, त्याशिवाय हे पुरं होणार नाही.

घरी येऊन तिनं मला नीट उलटंपालटं करून पाहिलं. पान एकशे एकसष्टवर जांभळा शिक्का आहे, वाचनालयाचा. लहानपणापासून तो तिच्या नजरेखालून गेला होता, पण तिनं कधी विचारलं नव्हतं. त्या दिवशी विचारलं. दैवशालानं मनगटावरच्या व्रणावरून बोट फिरवलं आणि सगळं सांगून टाकलं. ट्रक, कोपी, गोपीचंदचं बोलणं, सगळं. सांगताना रडली. आपण जळालेलं का असंना, पण नेऊन द्यायला पाहिजे होतं, हे तिनं स्वतःच कबूल केलं. प्रियंका म्हणाली, चल, मी धरून नेते. दैवशालानं तोंड भिंतीकडं केलं. आता कोणत्या तोंडानं जाऊ, एवढंच ती म्हणाली.

त्यानंतरचे चार दिवस मी कधी विसरणार नाही. तिला आता दोनच गोष्टी पाहिजे होत्या, हे घरात सगळ्यांना कळलं होतं. मला परत द्यायचं होतं आणि बारावं ऐकायचं होतं. औषधाच्या गुंगीत सुद्धा ती बाराव्याचं बोलायची. पण वाचनालयाचं नाव काढलं की गप्प व्हायची. पाचव्या दिवशी सकाळी प्रियंका नक्कल उतरवून घेण्यासाठी मला पहिल्यापासून सावकाश वाचत होती. तिसरं पान आलं. वसुमती दमून अंधारात दाराला टेकते, ते पान.

दैवशाला एकदम म्हणाली, “थांब. हितं थांब. ती टेकली तवा दार हललं का?”

प्रियंकानं ओळीवर बोट ठेवलं. “नाही. ‘दार हललं नाही’ असंच लिहिलंय.”

“भायेर कडी व्हती?”

“नाही. बाहेर कडी नाही, कुलूप नाही. ते शेवटच्या पानावर आहे.”

“मंजी आतून कडी लावलेलीच व्हती, पयल्यापासून.” दैवशाला कोपरावर रेटून उठून बसली. “मंग लावलेली कडी पुना कशी लावील गं ती? तो आवाज काढल्याचा हाय. बाईनं कडी काढली.”

प्रियंकानं शेवटचं पान उघडून ती ओळ पुन्हा वाचली. सिताराम शिंप्यापासून तानुबाईपर्यंत कुणाच्या ध्यानात आलं नव्हतं. आणि मित्रांनो, शरमेनं सांगतो, माझ्याच पोटातलं मलाही कळलं नव्हतं.

दैवशाला हसली आणि मग तिचे डोळे भरून आले. “सव्वीस वर्सं मी उगंच भ्याले,” ती म्हणाली. “बाजार कवा हाय?”

बाजार तीन दिवसांवर होता. तिनं आश्रुबाला सांगून टाकलं की बाजाराला तिला गाडीवर बसवून वाचनालयात न्यायचं, आणि आत न्यायचं, उंबऱ्याबाहेर न्हाई. मग तिनं लग्नातलं हिरवं लुगडं काढायला लावलं. कोपीतल्या जाळातून दोहोंपैकी वाचलेलं तेवढं एकच होतं. त्याचा काठ कापला, आतून पुठ्ठा घातला, आणि दाभणानं मला कव्हर शिवलं. टाके वाकडेतिकडे पडले, तरी प्रियंकाला हात लावू दिला नाही. जळालेला कोपरा तिनं झाकला नाही. मामांना दिसू दे, म्हणाली. मला उशाशी ठेवून झोपली. मी किती आनंदात होतो म्हणून सांगू! सव्वीस वर्षांनी घरी जाणार होतो, तेही तिच्या हातानं.

बाजाराच्या आदल्या दिवशी दुपारी तिला उलट्या सुरू झाल्या. गाडी करून परभणीला नेलं. जाताना तिनं मला बरोबर घ्यायला लावलं, तिथूनच परस्पर जाता येईल म्हणाली. दुसऱ्या दिवशी सकाळी ताडकळसला बाजार भरत असताना दैवशाला दवाखान्यातच गेली. मी तिच्या उशाखाली होतो. आश्रुबानं मला काढून घेतलं आणि सदऱ्याच्या आत, छातीशी धरलं. मी कागद आहे, मला रडता येत नाही. आलं असतं तर माझं एक अक्षर शाबूत राहिलं नसतं.

तिचं तेरावं झाल्यावर पहिल्या बाजाराला प्रियंका मला घेऊन वाचनालयात गेली. आता तिथं कुणी फारसं येत नाही. दिनकररावांचं वय ब्याऐंशी झालंय, तरी ते संध्याकाळी दोन तास काठी टेकत येऊन बसतात. प्रियंकानं मला टेबलावर ठेवलं आणि आईचं नाव सांगितलं. काय काय घडलं, तेही सांगितलं. त्यांनी चष्मा पुसला, माझ्या टाक्यांवरून हात फिरवला, जळालेल्या कोपऱ्याशी थांबले. मग उठून कपाटाच्या अगदी खालच्या खणातून एक गठ्ठा काढला.

माझी सगळी भावंडं त्या गठ्ठ्यात होती, सुतळीनं बांधलेली. दहावं होतं, बारावं होतं, आणि त्या दोघांच्या मधे माझ्याच मापाचा कापलेला एक कोरा पुठ्ठा होता. माझी जागा धरून ठेवलेला. त्यावर शाईनं लिहिलं होतं, ‘११ बाहेर आहे.’ शाई पार फिकी झाली होती.

“गोपीचंद बोलला ते तुझ्या आईनं ऐकलं, हे मला आज कळतंय,” दिनकरराव म्हणाले. “मी त्याला काय म्हणालो, ते तिनं ऐकलं नाही. मी म्हणालो, ती आणून देईल. आणि अकरावं आल्याशिवाय मी बारावं कुणाला देणार नाही, तुला पण नाही.”

खरंच, त्यांनी ते कुणाला दिलं नव्हतं. जे पुढं होते त्यांनी गोष्ट पुरी केली, जे मागं होते ते दहाव्यावर अडकले, चिडले, टीव्हीकडं वळले. दिनकररावांनी गठ्ठा सोडला नाही. प्रियंकानं विचारलं, मग तुम्ही एकदा घरी का नाही आलात, आजोबा? तीन गल्ल्या तर होत्या.

म्हाताऱ्यानं काठी टेबलाला टेकवून ठेवली. मग म्हणाला, “पुस्तक मागायला मी कधी कुणाच्या दारात गेलो नाही, बेटा. दारात गेलं की माणसाला चोर म्हटल्यासारखं होतं. ती ह्या रस्त्यानं मान खाली घालून जायची, मी हितं बसून बघायचो. वाटायचं, हाक मारली तर लाजंल, येईल तिची ती. एक हाक मारायला पाहिजे होती मी.” मग त्यांनी पुठ्ठा काढला आणि त्या जागी मला ठेवलं.  बारावं त्यांनी प्रियंकाच्या हातात दिलं, पण तिनं ते तिथं उघडलं नाही. पुढच्या बाजाराला येते म्हणाली. मग माझ्याकडं बघून ती थबकली, आणि मला पण सोबत घेऊ का, असं तिनं विचारलं. दिनकररावांनी मान डोलावली.

पुढच्या बाजाराला आश्रुबा तानुबाईला गाडीवर मागं बसवून घेऊन आला. ती आता पंचाहत्तरच्या पुढची, गुडघे गेलेली. टोळीतल्या आणखी चौघी आल्या. दारात येऊन घुटमळल्या. दिनकरराव काठी टेकत उठले, उंबऱ्यापर्यंत आले आणि प्रत्येकीला नावानं हाक मारून आत घेतलं. प्रियंकानं आधी मला वाचलं, सगळं, पहिल्यापासून. शेवटचं वाक्य आलं तेव्हा पाचही बायांनी ते तिच्याबरोबर म्हटलं. त्यांना पाठच होतं. मग प्रियंकानं तिच्या आईनं लावलेला अर्थ त्यांना सांगितला, दाराला टेकल्यापासून कडी काढण्यापर्यंत. आणि बारावं उघडलं.  पाण्याचा घोट घेऊन तिनं पहिलं वाक्य वाचलं.

‘दार उघडलं.’

तानुबाईनं पदर डोळ्याला लावला. “दैवशालाला कळलं व्हतं,” ती म्हणाली. “वाच माय, पुढं वाच.”

आत कोण होतं, ते मी तुम्हाला सांगणार नाही. मागच्याला पुढचं सांगायचं नाही, हा आमच्या वाचनालयाचा नियम आहे. येऊन वाचा. मी आता दहाव्या आणि बाराव्याच्या मधे असतो. हिरव्या काठामुळं गठ्ठ्यात लगेच ओळखू येतो. दर बाजाराला आळीतल्या बाया येतात, त्या सतराव्या प्रकरणापर्यंत पोचल्या आहेत. दैवशालाची जागा प्रियंकाशेजारी मोकळी ठेवतात.

मित्रांनो, पुस्तकं फाडू नका, भिजवू नका, हे तुम्हाला सगळ्यांनी सांगून झालंय. माझं मागणं वेगळं आहे. तुमच्या घरात कुणाचं काही राहून गेलं असेल, तर ते घेऊन जा. जळालं असलं तरी जा, फार वर्षं झाली असली तरी जा. आणि ज्याचं राहिलंय ते तुम्ही असाल, तो माणूस रोज तुमच्या दारावरून मान खाली घालून जात असेल, तर वाट बघत बसू नका. त्याला हाक मारा.